गाडीची लीज: हप्त्याच्या आत लपवलेले पैसे कसे शोधायचे?

हिशेबतपासणी (धागाकर्ता)

लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने आणि शेवटी परत देण्याच्या किंवा विकत घेण्याच्या बोलीवर, गाडी घेताना कुठे कुठे फसवतात यावर सुटे सुटे प्रतिसाद बरेच आलेत. ते एका ठिकाणी असावेत म्हणून हा धागा. अनुभवकथन नको, आकडे आणि कलमं येऊ द्या.

शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याला किती जमेल?" इथे तुम्ही आकडा सांगितलात की बोलणी तुमच्या हातातून गेलीच. हप्ता म्हणजे हिशेबाची शेवटची ओळ. ती ओळ तीच ठेवून वरच्या सगळ्या ओळी हलवता येतात, आणि विक्रेत्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून हप्त्यावर वाद घालत बसू नका, तो स्वतः मांडा. त्याला पाच आकडे लागतात:

१) छापील किंमत, म्हणजे एमएसआरपी
२) कॅप कॉस्ट: घासाघीस करून ठरलेली किंमत, अधिक त्यात मिसळलेले शुल्क, वजा सुरुवातीला भरलेली रक्कम
३) रेसिड्युअल: मुदत संपताना गाडीची धरलेली किंमत
४) मनी फॅक्टर: व्याजाचा दर, पण वेगळ्या वेषात
५) मुदत, महिन्यांत

आता एक उदाहरण. चलन कुठलंही धरा. छापील किंमत ३६,०००. ठरलेली किंमत ३३,५००. लीज कंपनीचं ॲक्विझिशन शुल्क (लीज सुरू करून देण्याचं) ७०० त्यात मिसळलं, कॅप कॉस्ट झाली ३४,२००. रेसिड्युअल ५८ टक्के, म्हणजे २०,८८०. मनी फॅक्टर ०.००१५. मुदत ३६ महिने.

घसारा: (३४,२०० − २०,८८०) ÷ ३६ = ३७०
भाडे-व्याज: (३४,२०० + २०,८८०) × ०.००१५ = ८२.६२
करापूर्वीचा हप्ता: ४५२.६२

समोरच्याचा कागद ४८० म्हणत असेल तर महिन्याच्या त्या सत्तावीस-अठ्ठावीसचा जाब विचारायचा. ३६ महिन्यांत ते ९८५ च्या वर जातात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रेसिड्युअलची टक्केवारी लीज कंपनी ठरवते, डीलर नाही. आणि ती छापील किमतीवर लावतात, ठरलेल्या किमतीवर नाही. त्यामुळे "तुमच्यासाठी रेसिड्युअल वाढवून घेतलं" हे वाक्य ऐकलंत तर बहुतेक वेळा मुदत किंवा किलोमीटरची मर्यादा गुपचूप बदललेली असते. घासाघीस होते ती कॅप कॉस्टवर आणि काही अंशी मनी फॅक्टरवर.

---

दुहेरी_नोंद

छान मांडलंय. मनी फॅक्टरबद्दल जास्त लिहितो, कारण सगळ्यात स्वस्तात होणारी हातचलाखी तिथेच आहे.

मनी फॅक्टरला २४०० ने गुणलं की वार्षिक व्याजाचा टक्का मिळतो. ०.००१५ × २४०० = ३.६ टक्के. २४०० कुठून आले? लीजमध्ये थकबाकी कॅप कॉस्टपासून रेसिड्युअलपर्यंत उतरत जाते, म्हणजे सरासरी थकबाकी या दोघांच्या बेरजेच्या निम्मी. सूत्रात मात्र पूर्ण बेरीज घेतात, म्हणून दर निम्मा होतो. वर्षाचा महिना करायला १२ ने भागलं आणि टक्क्याचा अपूर्णांक करायला १०० ने. २ × १२ × १०० = २४००.

आता मेख. विक्रेता म्हणतो, "दर फक्त एक पूर्णांक नऊ." ऐकणाऱ्याला १.९ टक्के वाटतात. कागदावर असतं ०.००१९, म्हणजे ४.५६ टक्के. तो खोटं बोलला असं सिद्धही करता येत नाही, त्याने नुसती शून्यं गिळली.

दुसरा भाग: लीज कंपनी डीलरला एक मूळ दर देते, ज्याला 'बाय रेट' म्हणतात. त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत भर घालायची मुभा बऱ्याचदा डीलरला असते आणि ती भर त्याची कमाई. वरच्या उदाहरणात ०.००१५ चं ०.००१९ केलं तर भाडे-व्याज ८२.६२ वरून १०४.६५ होतं. महिन्याला २२, मुदतभरात सुमारे ७९३. किंमत ८०० ने उतरवून दिल्याचा आनंद इथे परत काढून घेतला जातो. विचारायचं एवढंच: "बाय रेट किती, आणि तुम्ही लावताय तो किती?" उत्तर लेखी.

---

नवखा_चालक

बाळबोध प्रश्न असेल, पण करारात मनी फॅक्टर नावाची ओळच नसेल तर? नमुना करार पाहिला, त्यात 'रेंट चार्ज' असा एकच मोठा आकडा दिसला.

---

दुहेरी_नोंद

@नवखा_चालक, बाळबोध अजिबात नाही. अमेरिकेत १९७६ चा कन्झ्युमर लीजिंग ॲक्ट आणि त्याखालचं रेग्युलेशन एम हे भाडे-व्याजाची एकूण रक्कम दाखवायला लावतात, दर दाखवायला लावत नाहीत. इतर काही ठिकाणी थेट वार्षिक टक्का लिहितात. दर लिहिलेला नसेल तर उलटा काढा:

एकूण रेंट चार्ज ÷ महिने ÷ (कॅप कॉस्ट + रेसिड्युअल) = मनी फॅक्टर

समजा करारात ३,७६७ आहे. ३,७६७ ÷ ३६ ÷ ५५,०८० = ०.००१९. तोंडी ०.००१५ सांगितलं असेल तर सही तिथेच थांबवा. इथे कॅप कॉस्ट म्हणजे 'ॲडजस्टेड', सगळी वजावट झाल्यावरची. 'ग्रॉस' घेतलीत तर दर चुकीचा कमी दिसेल आणि फसवणूक नजरेतून निसटेल.

---

चौथा_गिअर

जाहिरातीतल्या हप्त्याबद्दल. मोठ्या अक्षरातला आकडा खरा असतो, पण कोणासाठी? खालची बारीक अक्षरं वाचायचा क्रम सांगतो: आधी 'सही करताना देय' रक्कम, मग वार्षिक किलोमीटर, मग कोणकोणत्या सवलती धरल्यात (त्याच कंपनीची जुनी गाडी असणारे, स्पर्धक कंपनीची असणारे, विद्यार्थी, सैनिक), मग गाड्यांची संख्या. "साठ्यातील एक गाडी" असं लिहिलेलं असेल तर ती गाडी फोन केल्यावर "आत्ताच गेली" असणार.

आणि "शून्य डाउन" म्हणजे "शून्य देय" नव्हे. डाउन पेमेंट शून्य असलं तरी पहिला हप्ता, ॲक्विझिशन शुल्क, नोंदणी, कागदपत्र शुल्क, अनामत हे सगळं सहीच्या दिवशी मागता येतं. प्रश्न असा विचारा: "गाडी बाहेर काढताना माझ्या खात्यातून एकूण किती जाणार, आणि त्यातली प्रत्येक रक्कम कशाची?" ॲक्विझिशन शुल्क रोखीत घेतलंय आणि कॅप कॉस्टमध्येही मिसळलंय, असा दुहेरी प्रकार या यादीतच सापडतो.

---

कोरा_धनादेश

डाउन पेमेंटवर माझं मत बहुतेकांना पटत नाही, तरी लिहितो: लीजमध्ये मोठी रक्कम आधी भरू नये.

धाग्यातलंच उदाहरण घ्या. ३,६०० आधी भरले. कॅप कॉस्ट ३०,६००. घसारा २७०, भाडे-व्याज ७७.२२, हप्ता ३४७.२२. हप्ता १०५.४० ने उतरला, ऐकायला मस्त. ३६ महिन्यांत वाचले ३,७९४.४०, म्हणजे ३,६०० तुमचेच परत आणि वर १९४.४०. तेवढ्यासाठी जोखीम कोणती? दुसऱ्या महिन्यात गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडीत निघाली तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला मिळतात. करारात गॅप संरक्षण असेल तर विमा आणि थकबाकी यांतला फरक ते भरून काढतं. तुमचे ३,६०० कोणी परत देत नाही.

विक्रेत्याला डाउन पेमेंट का आवडतं ते उघड आहे. वाढीव किमतीवर पांघरूण पडतं.

---

हिशेबतपासणी

@कोरा_धनादेश, पटतंय, पण एक भेद करा. काही लीज कंपन्या एकाहून जास्त परत मिळणाऱ्या अनामती घेऊन मनी फॅक्टर उतरवतात. ती रक्कम मुदतीनंतर परत येते, डाउन पेमेंट येत नाही. कागदावर 'कॅप कॉस्ट रिडक्शन' लिहिलंय की 'रिफंडेबल सिक्युरिटी डिपॉझिट', हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तोंडाने दोघांनाही "डिपॉझिट" म्हणतात!

---

खिडकीकाच

चार चौकोनांचा कागद कोणी लिहिला नाही अजून. कोऱ्या कागदावर अधिकचं चिन्ह काढून चार खाने करतात: गाडीची किंमत, जुन्या गाडीचा भाव, डाउन पेमेंट, हप्ता. मग पेन फिरत राहतं. तुम्ही जुन्या गाडीचा भाव २,००० ने वाढवून मागितला की तो वाढतो, आणि तितकीच सूट नव्या गाडीच्या खान्यातून नाहीशी होते. शेवटी कागद गोळा करून कचऱ्यात जातो, तुमच्याकडे पुरावा काही राहत नाही.

यावर इलाज एकच, खाने सुटे करा. आधी नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीचा विषयही न काढता. ती लेखी आली की मग जुन्या गाडीचा भाव, आणि तोही दोन-तीन ठिकाणचे लेखी भाव हातात असताना. जुन्या गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडून फेडीची नेमकी रक्कम तारखेसह मागवून ठेवा. भाव ९,०००, कर्ज ४,००० असेल तर तुमचे ५,००० शिल्लक. हे ५,००० करारात 'कॅप कॉस्ट रिडक्शन' किंवा ट्रेड-इनच्या ओळीत दिसलेच पाहिजेत, नाहीतर रोख परत. "हप्त्यात धरलेत" हे उत्तर नव्हे. ही ओळ गायब असणं हा लीजमधला सगळ्यात मोठा एकरकमी घोटाळा, कारण लोक हप्ता बघतात आणि खूश होतात.

उत्पादकाच्या सवलतीचंही तसंच. "२,५०० ची सूट दिली" यात २,००० कंपनीची लीज कॅश असेल तर डीलरने दिलेत फक्त ५००. दोन्ही वेगळ्या ओळीत लिहून मागा.

---

नवखा_चालक

हप्ता जास्त वाटतो म्हटलं की लगेच मुदत ३६ ची ३९ किंवा ४२ करून देतात. त्यात काय वाईट?

---

चौथा_गिअर

वॉरंटी कधी संपते ते बघा. ती ३६ महिन्यांची असेल तर पुढचे तीन महिने दुरुस्ती तुमच्या खिशातून. शिवाय त्या तीन महिन्यांपायी नोंदणीचं आणखी एक वर्ष भरावं लागू शकतं, आणि टायर नेमके तेव्हाच बदलायला येतात.

मुदतीपेक्षा किलोमीटर कमी करणं जास्त घातक, कारण ते कोणी सांगतही नाही. वर्षाला २०,००० चे १५,००० केले आणि त्यामुळे रेसिड्युअल दोन टक्क्यांनी, म्हणजे ७२० ने वाढलं असं धरा. घसारा २० ने कमी, भाडे-व्याज १.०८ ने जास्त, हप्ता १८.९२ ने खाली. मुदतभरात वाचले ६८१. तुमचं फिरणं तेवढंच राहिलं तर तीन वर्षांत १५,००० किलोमीटर जास्तीचे. दर किलोमीटरला ०.१५ दंड असेल तर २,२५०. जास्तीचे किलोमीटर सुरुवातीलाच विकत घेतले तर बहुधा स्वस्त पडतात, पण न वापरलेल्यांचे पैसे परत मिळतात का ते कलम वाचूनच घ्या.

---

पानउलट्या

फायनान्सच्या खोलीबद्दल. किंमत ठरली, हात मिळवले, तुम्ही दमलात, आणि मग या खोलीत बसवतात. इथे विकायला असतात: टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर क्रमांक कोरणं, रंगसंरक्षण, आसनांवर फवारा, टायर-रिम विमा, झीज-विमा, वाढीव वॉरंटी, गॅप.

याची तयारी आधीच झालेली असते. बाहेर तुम्हाला ४५२ ऐवजी ४८० सांगितलेलं असतं. आत म्हणतात, "एवढं सगळं संरक्षण, आणि हप्ता फक्त ४८८." तुम्हाला ८ वाढल्यासारखे दिसतात, वाढलेले असतात ३५. म्हणून वस्तूची किंमत हप्त्यात ऐकून घ्यायचीच नाही, एकूण रकमेत विचारायची.

डीलरने बसवलेल्या वस्तू लीजमध्ये दुप्पट बोचतात. १,२०० ची वस्तू कॅप कॉस्टमध्ये गेली, पण लीज कंपनी तिच्यावर सहसा रेसिड्युअल धरत नाही. म्हणजे सगळी रक्कम ३६ महिन्यांत तुम्ही फेडणार: ३३.३३ अधिक १.८० व्याज. आणि शेवटी ती वस्तू गाडीबरोबर परत!

काय घ्यावं? गॅप करारात आधीच आहे का ते पाहा, अनेक लीजमध्ये असतो. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटीच्या आत संपणाऱ्या लीजवर निरर्थक. टायर-रिम विमा रस्ते खराब आणि रिम मोठ्या असतील तर विचार करण्याजोगा, पण किंमत घासून. बाकीच्यांना सरळ नाही. "हे बँकेची अट म्हणून आहे" असं म्हणाले तर ती अट लीज कंपनीच्या कागदावर दाखवा म्हणावं.

---

कोरा_धनादेश

टॅबलेटवर सही करून घेतात तेव्हा स्क्रीनवर फक्त सहीचा चौकोन येतो, मागचा कागद सरकलेला असतो. सहीआधी पूर्ण करार पीडीएफमध्ये मेलवर मागा. "सिस्टममध्ये तसं होत नाही" म्हणाले तर छापून द्या म्हणावं. छापता येत नाही असं कुठलंही शोरूम नसतं.

---

खिडकीकाच

'यो-यो'सुद्धा लिहून ठेवतो. शुक्रवारी संध्याकाळी गाडी देतात, सोमवारी फोन: "मंजुरी आली नाही, जास्त दराने नवा करार करावा लागेल." अशा वेळी माणूस गाडीत रुळलेला असतो, शेजाऱ्यांना दाखवून झालेली असते, जुनी गाडी डीलरकडे गेलेली असते. त्या अडचणीवरच सगळा खेळ.

गाडी ताब्यात घेण्याआधी विचारा, मंजुरी अंतिम आहे की सशर्त? सशर्त असेल तर जुनी गाडी आणि तिची चावी देऊ नका, नवी घरी नेऊ नका. फोन आलाच तर पहिलं काम, लीज कंपनीला स्वतः फोन करून अर्ज खरंच नाकारलाय का ते विचारणं. नाकारला असेल तर लेखी पत्र मागा. मग नवा करार न करता गाडी परत, जुनी गाडी आणि भरलेली रक्कम परत, एवढंच बोलायचं. फिरवल्याचं भाडं वगैरे मागतील. करारात तसं कलम आहे का ते आधी वाचा.

---

दुहेरी_नोंद

बोलणी शोरूममध्ये करूच नयेत या मताचा मी आहे. चार-पाच डीलरना एकच मजकूर पाठवा:

"अमुक मॉडेल, अमुक प्रकार, ३६ महिने, वर्षाला २०,००० किमी, डाउन पेमेंट शून्य. कृपया कळवा: छापील किंमत, सवलतींआधीची विक्री किंमत, प्रत्येक सवलत नावासह, रेसिड्युअल टक्का, बाय रेट आणि तुमचा मनी फॅक्टर, ॲक्विझिशन व डिस्पोझिशन (शेवटी गाडी परत करतानाचं) शुल्क, कागदपत्र शुल्क, डीलरने बसवलेल्या वस्तू, सही करताना एकूण देय. जुनी गाडी नाही."

निम्मे उत्तर देतील, "एकदा येऊन भेटा." त्यांना यादीतून काढा. आकडे ठरेपर्यंत पतचौकशीची परवानगीही देऊ नका. नाहीतर एकाच दिवशी पाच बँकांत तुमचा अर्ज फिरतो.

---

पानउलट्या

लीज संपतानाचे सापळे राहिले.

"उरलेले हप्ते आम्ही भरतो, नवी गाडी घ्या." उत्पादकाची तशी अधिकृत योजना असेल तर ठीक, पत्र दाखवा. नसेल तर ४५० चे पाच हप्ते, २,२५०, नव्या कॅप कॉस्टमध्ये जातात: महिन्याला ६५.८८, तेही तुमच्याच खिशातून, व्याजासकट.

गाडी विकत घ्यायची असेल तर करारातली किंमत ठरलेली आहे. शक्य असेल तिथे लीज कंपनीशी थेट व्यवहार करा. डीलरमार्फत गेलं की तपासणी, प्रमाणपत्र, कागदपत्र शुल्क असं काहीबाही जोडतात.

परत करायची असेल तर महिना-दीड महिना आधी तपासणी मागा, म्हणजे डाग, पोचा बाहेर स्वस्तात दुरुस्त करायला वेळ मिळतो. टायरची उरलेली खोली मोजा, बऱ्याच करारांत किमान ४/३२ इंच, म्हणजे साधारण ३.२ मिमी लागते. दुसरी चावी, चार्जिंगची वायर, मागचा पडदा, पुस्तिका गाडीत ठेवा. हरवलेल्या चावीचं बिल ओरखड्यापेक्षा मोठं येतं.

---

नवखा_चालक

आणि सही करून झाली असेल तर? तीन दिवसांत परत करता येते असं ऐकलंय.

---

हिशेबतपासणी

त्या तीन दिवसांवर विसंबू नका. अमेरिकेचा तो 'कूलिंग-ऑफ' नियम डीलरच्या जागेवर झालेल्या गाडीच्या व्यवहाराला लागू नाही. इतरत्र काय आहे ते तिथल्या कायद्यात पाहा, सेल्समनला विचारू नका.

सही झाली असली तरी तीन कामं लगेच करा. वरच्या सूत्राने हप्ता मांडा आणि फरक कुठल्या ओळीत आहे ते लिहा. वाढीव वॉरंटी, झीज-विमा यांसारख्या सेवांच्या पत्रकात रद्द करण्याचं कलम शोधा. अनेकांना सुरुवातीचे काही दिवस पूर्ण परतावा असतो, नंतर उरलेल्या काळापुरता. परतावा बऱ्याचदा लीज खात्यात जमा होतो आणि हप्ता तेवढाच राहतो, तेव्हा रक्कम कुठे गेली ते लेखी विचारा. तिसरं, डीलरच्या मुख्य व्यवस्थापकाला मेल आणि त्याच मेलची प्रत लीज कंपनीला. मेलमध्ये रागाचा एक शब्द नको, नुसतं: ठरलेला आकडा, करारातला आकडा, फरक, पुराव्याचा कागद. दाद मिळाली नाही तर तोच मेल ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे जसाच्या तसा पाठवता येतो.

---

चौथा_गिअर

एक राहिलं. गाडी परत देताना किलोमीटरचा आकडा, तारीख आणि डीलरच्या माणसाची सही असलेली पावती घेतल्याशिवाय चावी सोडू नका. डॅशबोर्डचा फोटो इंजिन चालू असताना काढा. बंद असताना कित्येक गाड्यांत आकडा दिसतच नाही.